न लिहिलेला यमुनाकाठ : सत्तेच्या सावलीतून लेखणीकडे

यशवंतराव चव्हाण यांनी आपले आत्मचरित्र तीन खंडांत लिहिण्याचे योजिले होते. बालपण आणि स्वातंत्र्यलढा पहिल्या खंडात, मुंबईतील सत्ताकाळ दुसऱ्यात आणि दिल्लीतील यमुनाकाठची दोन दशके तिसऱ्यात, अशी ती योजना होती. ‘कृष्णाकाठ’ हा पहिला खंड १९८४ साली प्रसिद्ध झाला. त्यातील कथन १९४६ च्या सुमारास येऊन थांबते. पत्नी वेणूताई आदल्याच वर्षी निवर्तल्या होत्या. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी यशवंतरावही गेले आणि उरलेले दोन खंड लिहावयाचे राहून गेले.

संयुक्त महाराष्ट्राचा निर्णय, १९६२ च्या पराभवानंतरचे संरक्षण मंत्रालय, १९६५ चे युद्ध, काँग्रेसची फूट, आणीबाणी आणि १९७९ मधील अल्पकालीन उपपंतप्रधानपद या साऱ्या घटनांबद्दल स्वतः चव्हाणांच्या सलग निवेदनाला महाराष्ट्र मुकला. धन्याने वही अपुरी ठेवली तर ती कोण पूर्ण करणार? व्यापारी घराण्यांना या प्रश्नाचे उत्तर सांगावे लागत नाही. पेढीवरचा जुना मुनीम ते काम करतो. मालकाच्या डाव्या हाताला बसून तीस-चाळीस वर्षे कीर्द लिहिलेला माणूस पेढीविषयी जे जाणतो, ते कित्येकदा मालकाच्या मुलांनाही ठाऊक नसते.

चव्हाणांच्या बाबतीत असे तीन ‘मुनीम’ पुढे आले. राम प्रधान, माधव गोडबोले आणि नागपूरचे राम खांडेकर. तिघांनीही वेगवेगळ्या काळात चव्हाणांच्या कार्यालयात बसून काम केले आणि तिघेही निवृत्तीनंतर लेखक झाले. तिघांची वही मात्र तीन प्रकारची आहे. ती कशी वेगळी आहे आणि वाचकाने ती कशी वाचावी, हे समजून घेण्यापूर्वी या लेखनाच्या परंपरेकडे एक नजर टाकणे उचित ठरेल.

राष्ट्राध्यक्षांचे वृत्तसचिव

सत्ताधीशाच्या दाराशी बसलेल्या माणसाने पुढे पुस्तक लिहावे, ही रीत अमेरिकेत सर्वाधिक रुजली. तेथे राष्ट्राध्यक्षांचा वृत्तसचिव हे स्वतंत्र पद आहे. राष्ट्राध्यक्षांच्या वतीने दररोज वार्ताहरांसमोर उभे राहणे, त्यांचा शब्द जगापर्यंत पोहोचवणे आणि जो शब्द पोहोचवायचा नाही तो पोटात ठेवणे, हे त्याचे काम. साहजिकच पदावरून उतरल्यावर प्रकाशक त्याच्या दारी येतात.

जॉन केनेडी यांचे वृत्तसचिव पिअर सॅलिंजर हे मुळात पत्रकार. जानेवारी १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्षांची पत्रकार परिषद दूरचित्रवाणीवरून थेट दाखवण्यास त्यांच्या काळात प्रारंभ झाला. केनेडींच्या हत्येनंतर तीन वर्षांच्या आत त्यांचे ‘विथ केनेडी’ प्रसिद्ध झाले. ते गेलेल्या धन्याच्या आठवणीत लिहिलेले, ममतेचे पुस्तक आहे. लिंडन जॉन्सन यांचे वृत्तसचिव जॉर्ज रीडी यांनी १९७० मध्ये निराळाच मार्ग धरला. त्यांच्या ‘द ट्वायलाइट ऑफ द प्रेसिडेन्सी’ या ग्रंथात व्यक्तीपेक्षा पदाचे विवेचन अधिक आहे. राष्ट्राध्यक्षाभोवती होकार देणाऱ्यांचे दरबारी वर्तुळ कसे तयार होते आणि वास्तवाशी त्याचा संबंध कसा तुटत जातो, हे त्यांनी मांडले. मोठ्या पेढीच्या गादीवर बसणाऱ्यालाही ते विवेचन विचार करावयास लावील.

जेराल्ड फोर्ड यांचे पहिले वृत्तसचिव टेरहॉर्स्ट यांची गोष्ट अवघ्या एका महिन्याची आहे. ८ सप्टेंबर १९७४ रोजी फोर्ड यांनी माजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना माफी दिली. तो निर्णय आपल्याला पटत नाही, त्याचे समर्थन आपल्याला करता येणार नाही, असे सांगून टेरहॉर्स्ट यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. याउलट धाकट्या बुश यांचे वृत्तसचिव स्कॉट मॅक्लेलन यांनी २००३ ते २००६ या काळात पदावर राहून इराक युद्धाची बाजू रोज मांडली आणि २००८ च्या पुस्तकात त्याच प्रचारावर कठोर टीका केली. तेव्हा त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांनी विचारलेला प्रश्न सरळ होता. हे तेव्हाच का सांगितले नाही?

आपल्या राष्ट्रपती भवनातही ही परंपरा, थोड्या सौम्य स्वरूपात, आढळते. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या २००२ ते २००७ या कारकीर्दीत एस. एम. खान हे त्यांचे वृत्तसचिव होते. त्याआधी केंद्रीय अन्वेषण विभागाचे प्रवक्ते म्हणून त्यांचा चेहरा देशाला परिचित झाला होता. पुढे ते दूरदर्शनच्या वृत्तविभागाचे महासंचालक झाले. कलाम यांच्यावरील ‘पीपल्स प्रेसिडेंट’ या पुस्तकात त्यांनी त्या पाच वर्षांची हकीकत सांगितली. कलामांचे सचिव पी. एम. नायर यांनीही ‘द कलाम इफेक्ट’ लिहिले. नायर यांनी सांगितलेली एक हकीकत हिशेबी माणसाच्या मनात घर करते. मे २००६ मध्ये कलाम यांचे पन्नासहून अधिक आप्त राष्ट्रपती भवनात आठवडाभर राहून गेले. त्यांच्या खोल्यांचे भाडे आणि चहाच्या कपापर्यंतचा सगळा खर्च स्वतंत्र मांडावयास राष्ट्रपतींनी सांगितले होते. सुमारे साडेतीन लाख रुपयांची ती रक्कम त्यांनी स्वतःच्या खात्यातून भरली आणि त्याचा कुठेही उच्चार केला नाही. सचिवाने लिहिले नसते, तर ही नोंद जगाला कधीच दिसली नसती.

सावलीत वावरणाऱ्यांच्या लेखनाचे खरे मोल अशा नोंदींत असते. जाहीर सभांतील भाषणे सर्वांना उपलब्ध असतात. बिल कोणी भरले, हे मात्र बिल ठेवणाऱ्यालाच ठाऊक असते.

प्रधानांची वही : वेळच्या वेळी केलेली नोंद

चव्हाण २१ नोव्हेंबर १९६२ रोजी संरक्षणमंत्री झाले, तेव्हा चीनकडून झालेल्या पराभवाने देश खचलेला होता. महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद विदर्भाचे मारोतराव कन्नमवार यांच्याकडे आले आणि सह्याद्री हिमालयाच्या मदतीला गेला, अशी भावना मराठी मुलखात पसरली. त्या दिवसांत चव्हाणांचे खासगी सचिव होते राम प्रधान. पुढे ते केंद्रीय गृहसचिव झाले. पंजाब, आसाम आणि मिझोराम येथील समझोत्यांच्या काळात ते त्या पदावर होते. त्यानंतर अरुणाचल प्रदेशाचे राज्यपालपदही त्यांनी भूषविले. २०२० मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

संरक्षण मंत्रालयातील त्या पर्वावर प्रधानांनी ‘डिबॅकल टू रिव्हायव्हल’ हा ग्रंथ लिहिला. त्याहूनही मोलाचे त्यांचे काम म्हणजे १९६५ च्या युद्धकाळात चव्हाणांनी स्वहस्ते ठेवलेल्या दैनंदिनीवर आधारलेले पुस्तक. ते २००७ मध्ये, म्हणजे युद्धानंतर चार दशकांहून अधिक काळाने, प्रसिद्ध झाले. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांब भागात पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकत असताना लष्करप्रमुख आणि वायुदलप्रमुख संरक्षणमंत्र्यांकडे आले. वायुदलाचा वापर करावा काय, हा प्रश्न होता. चव्हाणांनी काही मिनिटांत होकार दिला आणि त्याच संध्याकाळी पठाणकोटहून भारतीय विमाने उडाली. अशा प्रसंगी घेतलेला निर्णय पुढे यशस्वी ठरला, की तो सर्वांनाच आपला वाटू लागतो. म्हणूनच त्या काळात, त्या हाताने केलेली नोंद निर्णायक ठरते.

बँकेच्या व्यवहारात व्हाउचरचे जे स्थान असते, ते इतिहासात दैनंदिनीचे असते. वर्षअखेरीस आठवून लिहिलेली रक्कम आणि व्यवहाराच्या दिवशी लिहिलेली रक्कम यांना कोणताही तपासनीस सारखे मानीत नाही. प्रधानांनी स्वतःच्या आठवणींपेक्षा धन्याच्या हस्ताक्षराला पुढे केले आणि स्वतः मागे उभे राहिले. त्यांच्या लेखनाची ही शिस्त होती.

खांडेकरांची वही : दारापाशी बसून पाहिलेले

राम खांडेकर यांचा मार्ग याहून वेगळा. ते सनदी अधिकारी नव्हते. सरकारी कार्यालयाच्या उतरंडीत स्वीय सहायकाची पायरी खालची समजली जाते. पण मंत्र्याच्या दिवसाची सूत्रे त्याच्याच हाती असतात. सकाळची टपाल तो उघडतो. कोणाला पाच मिनिटे द्यावयाची आणि कोणाला पंधरा, हे तो ठरवतो. गावाकडून आलेल्या वृद्ध कार्यकर्त्याला पाणी देऊन बसवणारा तोच, आणि दारावर थांबलेल्या उद्योगपतीला आज भेट होणार नाही असे नम्रपणे सांगणाराही तोच. मालक चिडला तर त्याची झळ प्रथम त्यालाच लागते.

मुंबईत चव्हाणांच्या कार्यालयात काम करणारे खांडेकर त्यांच्यासमवेत दिल्लीस गेले आणि दीर्घकाळ त्यांच्या सेवेत राहिले. संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र असा चव्हाणांचा प्रवास त्यांनी जवळून पाहिला. सत्ता असताना दारात उभी राहणारी गर्दी आणि सत्ता गेल्यावर रिकामे पडणारे तेच अंगण, हे दोन्ही या पदावरील माणसाला पाहावे लागते. पुढे त्यांचे नाव पी. व्ही. नरसिंह राव यांच्याशी जोडले गेले.

राव यांचा विदर्भाशी संबंध जुना. त्यांनी कायद्याचे शिक्षण नागपुरात घेतले, १९८४ आणि १९८९ मध्ये ते रामटेकमधून लोकसभेवर निवडून आले आणि मराठी ते उत्तम जाणत. हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीचा तेलुगू अनुवाद त्यांनी केला होता. १९९१ ची निवडणूक त्यांनी लढवलीच नाही. दिल्ली सोडून हैदराबादेस परतण्याच्या तयारीत ते होते. तोच राजीव गांधी यांची हत्या झाली आणि २१ जून १९९१ रोजी राव पंतप्रधान झाले. नागपूरचा हा स्वीय सहायक आता पंतप्रधान कार्यालयात विशेष कार्याधिकारी झाला.

त्या पाच वर्षांत काय घडले, हे व्यापारी वाचकास निराळे सांगावयास नको. जुलै १९९१ च्या पहिल्या तीन दिवसांत रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले. त्याच महिन्यात देशाचे सुमारे ४७ टन सोने परकीय मध्यवर्ती बँकांकडे तारण ठेवण्यासाठी पाठवावे लागले. २४ जुलै रोजी डॉ. मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला आणि त्याच दिवशी नवे औद्योगिक धोरण जाहीर होऊन बहुतेक उद्योगांवरील परवाना पद्धती संपुष्टात आली. उद्योग खाते तेव्हा राव यांनी स्वतःकडेच ठेवले होते. परवान्यासाठी दिल्लीच्या फेऱ्या मारण्यात ज्यांच्या वडिलांची उमेद खर्ची पडली, त्यांना या एका दिवसाचे महत्त्व समजते. निर्णय कागदावर उतरण्यापूर्वी त्या कार्यालयाच्या दारातून कोण आत गेले, कोण बाहेर पडले आणि धन्याची मुद्रा कशी होती, हे पाहणाऱ्या मोजक्या लोकांत खांडेकर होते.

निवृत्तीनंतर ते नागपुरात राहिले. अनेक वर्षे त्यांनी मौन पाळले. वार्धक्यात ‘लोकसत्ता’तून त्यांची ‘सत्तेच्या पडछायेत’ ही लेखमाला प्रसिद्ध झाली आणि तिचे त्याच नावाने पुस्तकही झाले. जून २०२१ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, नागपुरात त्यांचे निधन झाले. आणखी काही वर्षे त्यांनी लेखणी उचलली नसती, तर एका मोठ्या कालखंडाची ती वही त्यांच्यासमवेतच मिटली असती.

खांडेकरांच्या लेखनात चव्हाण आणि राव दोघेही घरातल्या माणसांसारखे भेटतात. लेखकाचा सूर आदराचा आहे. धोरणाचे विश्लेषण तेथे शोधू नये. ते त्यांच्या पदाचे काम नव्हते. मोठी माणसे आपल्या हाताखालच्यांशी कशी बोलत, पैशाच्या बाबतीत कशी वागत, आघात कसा सोसत, हे मात्र तेथे सापडते. मुनिमाची रोजकीर्द जशी असते तसे हे लेखन आहे. नफा का झाला हे ती सांगत नाही, पण त्या दिवशी दुकानात काय आले आणि काय गेले हे तिच्याइतके नेमके दुसरे कोणी सांगू शकत नाही.

गोडबोले यांची वही : लेखापरीक्षकाचा शेरा

माधव गोडबोले यांनी अर्थशास्त्रात पीएच.डी. केली होती. १९५९ मध्ये ते भारतीय प्रशासन सेवेत आले. १९७० च्या दशकात ते चव्हाणांचे खासगी सचिव होते. राज्याचे वित्त खाते, वीज मंडळाचे अध्यक्षपद, केंद्रात पेट्रोलियम आणि नगरविकास खात्यांचे सचिवपद अशा पायऱ्या चढत ते नरसिंह राव यांच्या काळात केंद्रीय गृहसचिव झाले. मार्च १९९३ मध्ये, निवृत्तीला सुमारे दीड वर्ष शिल्लक असताना, त्यांनी स्वेच्छेने सेवा सोडली.

त्याआधी तीनच महिन्यांपूर्वी, ६ डिसेंबर १९९२ रोजी, अयोध्येतील बाबरी मशिदीची वास्तू पाडली गेली होती. १९९६ मध्ये आलेल्या ‘अनफिनिश्ड इनिंग्ज’ या आत्मकथनात, मराठीत ‘अपुरा डाव’मध्ये, गोडबोले यांनी आपली बाजू मांडली. केंद्राने परिस्थिती हाती घेण्याची सविस्तर योजना गृह मंत्रालयाने आधीच तयार केली होती, परंतु राजकीय पातळीवर तिला मान्यता मिळाली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. राव यांची बाजू त्यांच्या निधनानंतर २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात आहे. राज्य सरकारने न्यायालयात हमी दिलेली असताना, घटना घडण्यापूर्वीच ते सरकार बरखास्त करणे राज्यघटनेच्या चौकटीत बसत नव्हते, असा त्यांचा युक्तिवाद होता. निवाडा प्रत्येक वाचकाने आपल्या बुद्धीने करावा. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की चव्हाणांच्या कार्यालयात घडलेली दोन माणसे, खांडेकर आणि गोडबोले, त्या डिसेंबरमध्ये एकाच पंतप्रधानांच्या सरकारात होती. एकाला धन्याचा माणूसपणा दिसला, दुसऱ्याला निर्णयातील उणीव. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत होता, असे मानण्याचे कारण नाही. दोघांच्या बसण्याच्या जागा वेगळ्या होत्या.

गोडबोले यांनी पद सोडले आणि नंतर लिहिले, हा क्रम त्यांच्या बाजूने जमा धरावा लागतो. पुढील जवळजवळ तीन दशके त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. फाळणी, न्यायसंस्था, संसद, पंडित नेहरू आणि इंदिरा गांधी यांचे नेतृत्व, धर्मनिरपेक्षता, संघराज्य अशा विषयांवर त्यांनी वीसच्या आसपास ग्रंथ लिहिले. २००१ मध्ये एन्रॉन कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पाच्या व्यवहारांची तपासणी करणाऱ्या राज्य सरकारच्या समितीचे ते अध्यक्ष होते. एप्रिल २०२२ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांचे लेखन कोरडे, आकडेवारी आणि संदर्भांनी भरलेले आहे. लेखापरीक्षकाचा अहवाल कोणाला आवडावा म्हणून लिहिलेला नसतो. पेढी बुडू नये एवढाच त्याचा हेतू असतो.

स्वतः नरसिंह राव यांची रीत या सर्वांहून निराळी. त्यांनी आपला अनुभव १९९८ मध्ये ‘द इन्सायडर’ या कादंबरीत ओतला. नावे बदलली, राज्याचे नाव बदलले आणि सांगावयाचे ते सांगितले. ज्याच्या सही-शिक्क्याने देश चालला, त्याला आपली हकीकत सांगण्यासाठी कल्पित पात्रांचा आडोसा घ्यावासा वाटला. म्हणूनच सहायकांच्या साध्या, नावानिशी केलेल्या नोंदींचे मोल अधिक वाढते.

विश्वास आणि वाचक

या लेखनाला एक नाजूक बाजू आहे. पदावर असताना कानी पडलेली प्रत्येक गोष्ट सांगण्याचा अधिकार सहायकाला असतो काय? कायद्याच्या दृष्टीने १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम आजही लागू आहे. गुप्तवार्ता आणि सुरक्षा यंत्रणांतील निवृत्त अधिकाऱ्यांना आपल्या कामासंबंधी काही प्रसिद्ध करावयाचे तर पूर्वपरवानगी घ्यावी लागते. २०२१ मध्ये निवृत्तिवेतनाच्या नियमांत ती तरतूद अधिक कडक करण्यात आली. पण कायद्याहून जुना असा एक दंडक पेढीवर चालत आलेला आहे. ग्राहकाची शिल्लक शेजाऱ्याला सांगायची नाही, मालकाच्या घरातील गोष्ट बाजारात न्यायची नाही. पण मालकाने खोटी नोंद करावयास सांगितली, तर ती करावयाचीही नाही.

या दंडकावर पारखले, तर सावलीतील लेखकांचे ग्रंथ वाचण्याच्या तीन कसोट्या सापडतात. पहिली, लेखकाने ही गोष्ट स्वतः पाहिली आहे, की दुसऱ्याकडून ऐकली आहे? ऐकीव रक्कम पक्क्या वहीत चढत नाही. दुसरी, नोंद कोणत्या वेळची आहे? त्या दिवशीची टाचणे हाताशी होती, की वीस वर्षांनी आठवणीतून लिहिले? तिसरी, हे सांगण्यात लेखकाचा लाभ कोणता? पदावर असताना ज्या गोष्टीचे समर्थन केले, तिच्यावरच पद सुटल्यावर टीका करणाऱ्याचा शब्द काही टक्के सूट घेऊन स्वीकारावा. राजीनामा देऊन बोलणाऱ्याचा, किंवा धनी गेल्यानंतर कोणतीही अपेक्षा न ठेवता लिहिणाऱ्याचा शब्द पूर्ण भावाने घ्यावा.

प्रधान दुसऱ्या कसोटीला, खांडेकर पहिल्या कसोटीला आणि गोडबोले तिसऱ्या कसोटीला विशेष उतरतात. तीन वह्या शेजारी ठेवून ताळा जुळवला, म्हणजे न लिहिलेल्या यमुनाकाठचे बरेचसे चित्र हाती येते.

यवतमाळची कोरी पाने

या दृष्टीने आपल्या यवतमाळ जिल्ह्याकडे पाहिले, तर एक उजळ उदाहरण आणि एक मोठी रिकामी जागा दिसते.

उजळ उदाहरण वणीच्या लोकनायक बापूजी अणे यांचे. लोकमान्य टिळकांचे वऱ्हाडातील ते निष्ठावंत सहकारी. १९३० मध्ये पुसद येथे त्यांनी जंगल सत्याग्रह केला, १९३३ मध्ये काँग्रेसचे हंगामी अध्यक्षपद सांभाळले आणि स्वातंत्र्यानंतर ते बिहारचे राज्यपाल झाले. एवढी पदे भोगलेल्या या माणसाने वार्धक्यात स्वतःविषयी लिहिण्याऐवजी आपल्या नेत्याचे चरित्र संस्कृत श्लोकांत रचावयास घेतले. ‘तिलकयशोऽर्णवः’ हे ते सुमारे बारा हजार श्लोकांचे काव्य. २६ जानेवारी १९६८ रोजी अणे यांचे निधन झाले. ग्रंथाला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मरणोत्तर मिळाला. धन्याचा वारसा शब्दांत बांधून ठेवण्याचे भान या मातीत होते, याचा तो पुरावा आहे.

रिकामी जागा मात्र आपल्या घराच्या अधिक जवळची आहे. पुसदचे वसंतराव नाईक डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ असे सलग अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. संकरित बियाणे, १९७२ चा दुष्काळ, रोजगार हमी आणि कापूस एकाधिकार खरेदी योजना हे निर्णय त्या कारकीर्दीतील. शेवटचा निर्णय १९७२-७३ च्या हंगामापासून अमलात आला आणि यवतमाळ, वणी, पांढरकवडा, दारव्हा, दिग्रस येथील कापूस बाजाराचे रूप बदलले. शेतकऱ्याला हमीचा भाव मिळावा, हा शासनाचा हेतू. खासगी खरेदी बंद झाल्याने अडत्यांच्या गाद्या रिकाम्या झाल्या आणि जिनिंग कारखाने पणन महासंघाच्या कापसावर ठरावीक दराने प्रक्रिया करू लागले, हा त्याचा बाजारातील परिणाम. त्या वर्षी कोणी धंदा बदलला, कोणी कापड किंवा किराण्याकडे वळले, कोणी गाव सोडले.

हा निर्णय मंत्रालयात कसा घडला? कोणत्या आकडेवारीवर तो आधारला होता? व्यापाऱ्यांची शिष्टमंडळे गेली तेव्हा आत काय बोलणे झाले? दुष्काळाच्या त्या वर्षी मुख्यमंत्र्यांच्या मेजावर कोणते कागद होते? याची शासकीय बाजू विधिमंडळाच्या कार्यवृत्तांत मिळेल आणि बाजाराची बाजू घरोघरीच्या लाल वह्यांत. या दोहोंमधील दुवा मात्र टिपण्या टंकित करणारे लघुलेखक, भेटीच्या वेळा देणारे स्वीय सहायक, दौऱ्यांत सोबत असणारे माहिती अधिकारी, बाजार समित्यांचे जुने सचिव आणि गाद्यांवरचे मुनीम यांच्या स्मरणात होता. त्या काळी जे पंचविशीत होते, ते आज पंचाहत्तरी ओलांडून पुढे गेले आहेत.

खांडेकरांनी ऐंशी उलटल्यावर लेखमाला लिहिली, म्हणून नागपूरच्या एका स्वीय सहायकाने पाहिलेली दिल्ली मराठी वाचकाला मिळाली. आपल्या जिल्ह्यात असे लेखन व्हावयाचे, तर प्रारंभ घरापासून करता येईल. दिवाळीला नव्या वहीचे पूजन होते, तेव्हा जुन्या वह्या माळ्यावरून खाली काढाव्यात. १९७० ते १९७५ या वर्षांच्या कीर्दी आणि खतावण्या वाळवी लागण्यापूर्वी वेगळ्या ठेवाव्यात. त्या वह्या ज्यांच्या हाताच्या आहेत, ते मुनीमजी हयात असतील तर नातवंडांनी त्यांच्यासमोर बसून एकेक पान उलटावे आणि ते सांगतील ते तारखेनिशी लिहून घ्यावे. पाहिलेले एका बाजूस, ऐकलेले दुसऱ्या बाजूस. ज्यांनी सरकारी कार्यालयांत, बाजार समितीत किंवा एखाद्या मंत्र्याच्या दाराशी नोकरी केली, अशा परिचितांनाही हीच विनंती करावी.

यशवंतरावांना दोन खंड लिहावयास वेळ मिळाला नाही. पण त्यांच्या दाराशी बसलेल्या तिघांनी आपापली पाने भरून दिली. पुसदच्या कारकीर्दीची आणि यवतमाळच्या कापूस बाजाराची पाने अजून बरीच कोरी आहेत, आणि ती भरू शकणारे काही हात आज आपल्याच गल्लीत आहेत.